‘द फेलोशिप ऑफ द रिंग’: संपूर्ण पार्श्वसंगीताचा संच

संगीतकार हॉवर्ड शोर यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीतील ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ या पहिल्या चित्रपटासाठी केलेल्या पार्श्वसंगीताचा २००१ सालचा अल्बम जेमतेम सव्वा तासाचा होता. चित्रपट पाहून तो घेणाऱ्याची पहिल्याच तुकड्यापाशी फसगत होत असे, कारण तिथे पडद्यावर ऐकलेला आरंभ नसून प्रस्तावनेच्या जुन्या, पुढे बदललेल्या आराखड्यासाठी केलेली रचना होती. २००५ साली निघालेल्या ‘द कंप्लीट रेकॉर्डिंग्ज’ या संचाने ही उणीव दूर केली. त्यात तीन सीडींवर सुमारे तीन तासांचे संगीत, तेच सराउंड ध्वनीत ऐकवणारी डीव्हीडी आणि संगीत-अभ्यासक डग अ‍ॅडम्स यांची अभ्यासपूर्ण टिपणे आहेत.

या संचाचे खरे मोल लांबीत नाही. कथेतले दोन हॉबिट (बुटक्या जमातीतले नायक) घर सोडून निघतात तेव्हा सोबत्यांची, म्हणजे ‘फेलोशिप’ची, धून तुकड्यातुकड्यांनी, जणू चाचपडत येते. माणसे जमतात तशी ती भरत जाते, नऊ सोबती रिव्हेंडेल या एल्फांच्या वस्तीतून निघाल्यावर पूर्ण वाद्यवृंदात दुमदुमते आणि मोरियाच्या भूमिगत खाणींनंतर पुन्हा विस्कटते. जुन्या अल्बममध्ये तिचे भरदार रूप होते, पण त्यामागची ही वाढ आणि पडझड संपूर्ण ध्वनिमुद्रणातच उमगते. गोंडॉर या मानवी राज्याची धूनही इथे हळूच डोकावून जाते. तिचा खरा विस्तार तिसऱ्या चित्रपटात होतो.

मात्र दोन प्रसंगांना जोडणारे, मंद्र तंतुवाद्यांवर रेंगाळणारे काही तुकडे पडद्याविना निष्प्राण वाटतात, त्यामुळे नवख्या श्रोत्याने जुन्या अल्बमपासूनच सुरुवात करावी. शिवाय हा ‘आयसोलेटेड स्कोअर’ नव्हे. संवाद आणि इतर आवाज वगळून चित्राबरोबर केवळ संगीत, त्यातल्या शांततेसकट, ऐकण्याची हौस या संचाने भागत नाही. अमेरिकेतील ट्वायलाइट टाइम ही कंपनी आपल्या अनेक ब्ल्यू-रे डिस्कवर तसा ट्रॅक देत असे, पण त्या आवृत्त्या मर्यादित प्रतींच्या असत. (आपल्याकडे ‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या तडाखेबंद खपल्या, पार्श्वसंगीताच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले.)

आता घ्यायचाच असेल, तर जुन्या संचासाठी चढी किंमत मोजण्याऐवजी २०१८ साली ऱ्हायनो या संगीत कंपनीने काढलेली, ब्ल्यू-रे ऑडिओसह असलेली आवृत्ती शोधावी.