ग्रुप प्रोजेक्टला अ‍ॅप घ्यावं का डिव्हाइस? द्राक्षपट्ट्यातले दोन विषय समोरासमोर

चौघांचा ग्रुप झाला, गाईडनी सांगितलं की नुसती वेबसाइट नको, माणूस हाताळेल असं काहीतरी करा, आणि मग तिथूनच घोळ सुरू होतो. सांगलीतल्या पोरांनी विषयाला लांब जायची गरजच नाही, तासगाव-मिरज-कवठेमहांकाळ सगळा द्राक्ष आणि बेदाण्याचा पट्टा. एक विषय म्हणजे बागायतदारासाठी फवारणीच्या नोंदी ठेवणारं अ‍ॅप, आणि दुसरा बेदाणा शेडमध्ये, म्हणजे द्राक्षं जाळीवर वाळवतात तिथं, टांगायचं यंत्र, हवेत दमटपणा वाढला की बोंबलणारं.

मी आधी कॅलेंडर बघतो, टेक्नॉलॉजी नंतर. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सुरू, म्हणजे प्रोजेक्ट डिसेंबरात संपवायचा असेल तर अ‍ॅपच्या टेस्टिंगला माणूस बागेत हजर असतो. शेड तेव्हा रिकामी. जाळीवर माल पडतो तो फेब्रुवारी-मार्चकडं, त्यामुळं पहिल्याच सेमिस्टरला यंत्र संपवायला गेलात तर ते कॉलेजच्या लॅबचीच हवा मोजत बसणार आणि एक्सटर्नलसमोर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकासमोर, चहाच्या कपाची वाफ दाखवून बझर वाजवावा लागणार.

अ‍ॅपचं काम सोपं वाटतं पण नाही. औषध कुठलं, कधी मारलं, आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, एवढंच दाखवायचं, एक्सपोर्टवाल्याला तर या नोंदी लागतातच. पण फवारणी करतो गडी, फोन मालकाच्या खिशात, ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही आणि बागेत रेंजची बोंब, म्हणजे ऑफलाइन चाललं पाहिजे, बटणं मोठी पाहिजेत आणि टायपिंग जवळजवळ नकोच. हे सगळं कोडिंगच्या आधी कळतं बरं का, वहीच्या कागदावर स्क्रीन काढा, एखाद्या काकांच्या हातात द्या, म्हणा 'काल मारलेलं औषध टाका', आणि गप्प बसून बोट कुठं जातंय ते बघा. चार-पाच जणांत मोठ्या चुका बाहेर येतात.

यंत्राची गंमत वेगळी. ईएसपी३२ बोर्ड (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर), डीएचटी२२ सेन्सर (हवेतला दमटपणा मोजणारा), एक लाल दिवा, बझर आणि तो गप्प करायचं बटण, टेबलावर हे दोन दिवसांत चालतं. शेडमध्ये खरी परीक्षा. डिपिंग ऑइलचे (वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्याचे) हात लागणार, धूळ बसणार, आसपास गंधकाची धुरी दिली जात असेल तर तांब्याचे जोड गंजणार, ब्रेडबोर्डच्या, म्हणजे नुसत्या खोचून जोडलेल्या, वायरी तर वाऱ्यानंच सुटतील, म्हणून सोल्डर करा, डबा नीट बनवा. मेसेज पाठवायला स्वस्तातलं सिम८००एल मॉड्यूल घेणार असाल तर ते फक्त टूजीवर चालतं आणि जिओला टूजी नाहीच, त्यात जिओचं सिम घालून रात्रभर कोड तपासत बसू नका. शिवाय दमटपणा किती झाला की वाजवायचं हा आकडा नेटवरून उचलू नका, शेडवाल्यालाच विचारा, अवकाळीत माल काळा पडायला लागतो ते त्याला हवेवरूनच कळतं.

खर्चात अ‍ॅप स्वस्त. प्ले स्टोअरला डेव्हलपर खात्याचे एकदाच २५ डॉलर लागतात, पण प्रोजेक्टला स्टोअरची गरज नाही, एपीके, म्हणजे अ‍ॅप थेट फोनवर टाकायची फाईल, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की झालं. यंत्राला बोर्ड, सेन्सर दोन-दोन घ्या, डेमोच्या आदल्या रात्री बोर्ड जळतोच.

कामाच्या वाटणीत मात्र यंत्र सरस. अ‍ॅपमध्ये एक जण कोड करतो आणि बाकी तिघं 'आम्ही रिपोर्ट बघतो' म्हणतात, तुम्हाला माहितीये. यंत्रात कोड, सोल्डरिंग, डबा आणि शेडवर जाणं अशी चार कामं आपोआप पडतात.

माझं मत विचाराल तर एकच सेमिस्टर हातात असेल तर डोळे झाकून अ‍ॅप. पूर्ण वर्ष असेल आणि ग्रुपमध्ये एकाच्या तरी पाहुण्यांची शेड असेल तर यंत्र घ्या, दिवाळीपर्यंत शेडवाल्यांशी बोलून आकडे आणि डबा ठरवा, जानेवारीत दोन यंत्रं तयार ठेवा आणि माल पडला की एक दारापाशी, एक मधल्या रॅकला टांगा, दोन्हीकडच्या आकड्यांत फरक येतो आणि एक्सटर्नलला विचारायला तेवढंच पुरतं.