गुगलपासून लपवायचं की लोकांपासून?

सोसायटीच्या वेबसाइटवर सभेचं इतिवृत्त, थकबाकीदारांची यादी, सभासदांचे मोबाइल नंबर असं सगळं चढवलं जातं. मग कोणीतरी सहज आपलं नाव गुगल करतं आणि यादी हजर! यावर तीन उपाय सुचवले जातात, पण तिन्हींची कामं वेगळी.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल १९९४पासूनची. 'इकडे फिरकू नका' एवढीच ती बॉटना, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, विनंती करते. गुगल ऐकतं, पण दुसऱ्या साइटवर लिंक सापडली तर पान न वाचताही पत्ता निकालात दाखवू शकतं. शिवाय ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते. तीत थकबाकीच्या पानाचा पत्ता लिहिणं म्हणजे चोराला कपाट दाखवणं. या कामासाठी बादच.

पानाच्या कोडमध्ये नोइंडेक्स टॅग, म्हणजे 'निकालात घेऊ नका' ही खूण, लावला की पान उघडं राहतं, फक्त निकालात येत नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या सूचनेला एवढं पुरे. मात्र त्याच पानावर रोबोट्सची बंदी घालू नका. बॉट आत शिरलाच नाही तर त्याला टॅग दिसणार कुठून? आणि इतिवृत्त बहुधा पीडीएफ असतं. पीडीएफमध्ये हा टॅग बसत नाही, सर्व्हरवरून एक्स-रोबोट्स-टॅग नावाचा हेडर (फाइलसोबत जाणारी सूचना) पाठवावा लागतो. होस्टिंगवाल्याला सांगा, त्याच्यासाठी किरकोळ काम आहे.

खरं कुलूप पासवर्डचं, पण त्यातही फटी आहेत. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पानाला पासवर्ड घातला तरी शीर्षक दिसतंच, तेव्हा शीर्षकात फ्लॅट नंबर नको. 'प्रायव्हेट' केलं तर ते फक्त अॅडमिन आणि एडिटरला दिसतं, सभासदांना नाही. सगळ्यात मोठी फट पुन्हा पीडीएफचीच: मीडियात चढवलेल्या फाइलला स्वतःचा पत्ता असतो, पानाचा पासवर्ड तिला लागू होत नाही. त्यात एकच पासवर्ड सगळ्या सोसायटीला दिला की तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलाच म्हणून समजा.

म्हणून नंबर आणि थकबाकी वेबसाइटवर नकोच, असं माझं मत. गुगल ड्राइव्हवर ठेवा आणि ठरावीक ईमेलनाच परवानगी द्या. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय नको.

यादी आधीच गुगलवर आली असेल तर प्रथम फाइल काढा, मग सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनातून) हटवण्याची विनंती करा. ती साधारण सहा महिनेच टिकते. फाइल जागेवरच राहिली तर पुन्हा वर येऊ शकते.