सागवानी ठोकळा, दोन पाचरी आणि भोकाचा पैसा: डोलकाठीच्या बुडाचे आठ महिने

आमची होडी बारा फुटी, प्लायवूडची. वर्षभर ती कोल्हापुरात शेडमध्ये असते, आणि सुट्टी मिळाली की ट्रेलरवर चढून आंबा घाट उतरते. रत्नागिरीजवळ भाट्याच्या आत काजळी नदीच्या खाडीत आम्ही ती चालवतो. डोलकाठीला ताणाचे दोर नाहीत. ती बसायच्या फळीतल्या भोकातून खाली जाते आणि तळाशी एका लाकडी ठोकळ्यात रुतून उभी राहते. हा ठोकळा म्हणजेच मास्ट स्टेप. गेल्या ऑक्टोबरात तो मी नवा करून बसवला. मे अखेर होडी परत आणली तेव्हा सगळं सोडून, उघडून बघितलं, म्हणून आता खात्रीनं लिहितो.

जुना ठोकळा चिरला होता. आधी खाडीत वळताना बुडाशी टक टक असा आवाज यायचा. मी तो फळीचा समजत राहिलो. नंतर वाकून बघितलं तर खाच लांबट झालेली आणि ठोकळ्यात समोरून मागेपर्यंत सरळ चीर.

उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडून मी सागवान कापून घेतो, त्यांना तो तुकडा दाखवला. त्यांनी होडी कधी चालवलेली नाही, पण लाकूड हातात घेताच म्हणाले, "ह्याला वरनं वजन कुठं हाय? बाजूनं ढकल बसलीया. आन् रेषा उभी ठेवलीया, मग चिरणारच की." रेषा म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा.

घरी येऊन हिशेब मांडला, आणि त्यांचं म्हणणं आकड्यांत उतरलं. ताशी २८ किमी वारा असेल तर आमच्या ७ चौरस मीटर शिडावर साधारण ३० किलोचा जोर येतो. हा जोर बसायच्या फळीच्या सव्वादोन मीटर वर लागतो आणि फळीपासून ठोकळा फक्त ४५ सेंटिमीटर खाली. म्हणजे पहारीसारखा प्रकार. बुडाशी बाजूला ढकलणारा जोर १५० किलोच्या आसपास जातो. काठीचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही. मी मात्र इतकी वर्षं ठोकळ्याकडे नुसता वजन पेलणारा पाट म्हणून बघत होतो.

नवा ठोकळा सागवानाचा, ४० सेंटिमीटर लांब, १५ रुंद, ७ जाड. तो होडीत आडवा बसवला, म्हणजे लाकडाची रेषा डावीकडून उजवीकडे. बाजूचा जोर आता रेषेच्या दिशेनं जातो. वारा पाठीमागून आला की जोर पुढे लागतो आणि तेव्हा हाच ठोकळा चिरू शकतो, म्हणून खाचेच्या दोन्ही बाजूंना समोरून मागे असे दोन ८ मिलिमीटरचे बोल्ट आरपार घातले. तळाला मात्र एकही बोल्ट नाही. चिकटायला ६०० चौरस सेंटिमीटर जागा आहे, तेवढ्यावर इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) पुरून उरतं आणि तळाला भोक पडत नाही. सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या अगदी आधी ॲसिटोननं पुसलं नाही तर जोड धरत नाही, यात घाई करू नका. आठ महिन्यांनी कडेनं पातळ पातं घालून बघितलं, कुठेही शिरलं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. काठीचं बूड ६० मिलिमीटरचं चौकोनी कुसू आहे, म्हणजे खाचेत बसणारं टोक. खाच मी रुंदीला जेमतेम तेवढी ठेवली, पण पुढे-मागे ९० मिलिमीटर लांब कोरली आणि उरलेल्या जागेत पुढून एक, मागून एक अशा पाचरी ठोकल्या. दाजी म्हणाले, "खाच घट्ट असू दे की, मोकळी कशाला?" मलाही थोडी धाकधूक होतीच. पण याच ३० मिलिमीटरनी होडी बदलली.

ओळंबा लावून काठी अडीच अंश मागे कलती बसवली होती. पहिल्याच फेरीत सुकाणू हातातून ओढून घेतल्यासारखं व्हायचं, होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवायची. तासाभरात हात भरून आले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पाचरी काढल्या, बूड १० मिलिमीटर मागे घेतलं आणि पुन्हा ठोकल्या. फळीच्या भोकावर टेकून काठी फिरते, त्यामुळे बूड एवढं मागे गेलं की शेंडा आठेक सेंटिमीटर पुढे येतो. सुकाणू दोन बोटांत राहू लागलं! खाच घट्ट कोरली असती तर हा बदल करायला पटाशी घेऊन ठोकळाच फोडावा लागला असता.

जानेवारीत होडी दोन दिवस पाण्यात राहिली आणि कुसू फुगून अडकलं. तिघांनी उपसूनही हलेना. पाचरी काढल्या, काठी पुढे-मागे डुलवली, तेव्हा सुटली. नंतर कुसवाला रंधा मारून खाली किंचित निमुळतं केलं. आता त्रास नाही.

फळीच्या भोकाला चामड्याची पट्टी लावली आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं म्हशीचं चामडं, चपलांच्या कारागिराकडून उरलेलं कातडं आणलं. टक टक पूर्ण थांबली. मिठानं ते फेब्रुवारीपर्यंत कडक झालं, मग दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं धुऊन एरंडेल चोळू लागलो.

बोल्टबाबत मात्र मी फसलो. खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागितलं होतं, पण परवा एक उपसला तर ओल्या लाकडातल्या भागावर तांबूस डाग आणि बारीक खड्डे. साधं ३०४ ग्रेडचं असावं. चुंबकानं या दोघांतला फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या.

खाचेच्या तळाशी निचऱ्याचं भोक हवंच, नाहीतर बूड कुजतं. माझ्या त्या भोकावर आजीनं दिलेला भोकाचा पैसा आहे, १९४३ ते ४७ मध्ये निघायचा तो. लंडनमध्ये १९६२ साली सापडलेल्या ब्लॅकफ्रायर्स या रोमनकालीन जहाजाच्या डोलकाठीखाली रोमन बादशहा डोमिशियनचं नाणं होतं, त्यावर हाती सुकाणू घेतलेली भाग्यदेवता. ते वाचल्यापासून मनात होतं. आजीचा पैसा निचऱ्याच्या भोकाशी जुळवून बसवला, पाणी त्याच्या भोकातून जातं. काठी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र तांब्या-कांशाचं नाणं घालू नका, ॲल्युमिनियम झिजून जाईल. माझी लाकडाची आहे. मे महिन्यात उघडलं तेव्हा पैसा हिरवट झाला होता आणि खालचं लाकूड कोरडं होतं.

पावसाळ्यात दोन्ही बोल्ट बदलतोय आणि पाचरी बाभळीच्या करतोय, सागवानाच्या कडा दाबल्या गेल्यात. ठोकळ्याला हात लावायची गरज नाही.