जुना कोबा: वरून थर द्यायचा की मुळापासून उखडायचा?

घरापुढचं अंगण, गाडी लावायची जागा, फाटकापासून पायरीपर्यंतची वाट. इथला कोबा पंधरा-वीस वर्षांचा झाला की घरात दोन मतं पडतात. वरून दोन इंच नवा थर द्या, असं एक. खर्च एकदाच काय तो होऊ दे, उखडून नवंच करा, असं दुसरं. बार्शीत आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या चुलतभावाला, हा प्रश्न साधारण एकाच सुमारास पडला. दोघांची घरं एकाच कंपाउंड भिंतीला लागून, खालची माती तीच काळी, आणि मूळ कोबाही वडिलांनी आणि काकांनी एकाच मिस्त्रीकडून करून घेतलेला. चुलतभावानं वरून थर दिला. मी सगळं उखडून पेव्हर ब्लॉक बसवले. दोन्ही अंगणांत माझी रोजची ये-जा आहे, त्यामुळे पुढचं सगळं वावरातून कळलेलं आहे. तुमची माती, तुमचा पाऊस वेगळा असेल तर थोडं इकडेतिकडे होईल, हे धरूनच वाचा.

तडे दिसले की लोक घाबरतात, पण तेवढ्यावरून काही ठरवू नये. केसासारख्या बारीक भेगा जवळपास प्रत्येक कोब्याला असतात. सिमेंट सुकताना आकसतं, त्याच्या या खुणा. त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात आणि त्यांना हात लावायचं कारण नाही. वरची कातडी उडून खडी उघडी पडली असेल, झाडताना पिवळट भुकटी निघत असेल, तरी खालचा भाग टणक असू शकतो. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला तर कोबा जिवंत आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर खालचा भराव बसला आहे आणि कोबा नुसता अधांतरी टेकला आहे. अशा जागेवरून भरलेला टँकर गेला की तो कधी खचेल सांगता येत नाही. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच पाच टन, त्यात टँकर आणि ट्रॅक्टर वेगळा. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर दारात येतोच, त्यामुळे हा हिशेब सोडून चालत नाही.

मोठी भेग असेल तर आणखी एक पडताळणी करा. भेगेच्या दोन्ही अंगाला रंगाचा एकेक ठिपका द्या आणि वैशाखात दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजून ठेवा. भाद्रपदात पुन्हा मोजा. अंतर तेवढंच असेल तर भेग जुनी आहे, थांबलेली आहे. भरून टाका आणि विसरा. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसात मिटणारी भेग असेल तर ती कोब्याची नाहीच, मातीची आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. सिमेंट भरून तिला थांबवता येत नाही, भेग त्याच रेषेत पुन्हा उघडते. आमच्या मिस्त्रीनं हे एका वाक्यात सांगितलं होतं: “खालचं हालतंय तवर वरचं कितीबी घोटा मालक, भेग तिथंच येनार.”

तरीही खरं सांगायचं तर माझा निर्णय भेगांनी झाला नाही. झाला तो पायरीपाशी साचणाऱ्या पाण्यानं.

मूळ कोबा केला तेव्हा ढाळ फाटकाकडे होता. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच, जसा असायला हवा तसा. पण फाटकाकडच्या बाजूनं पाणी भेगांतून खाली मुरत गेलं, तिथली माती फुगून तो भाग उचलला गेला, आणि जोत्याकडचा भराव दबत गेला. हळूहळू ढाळ उलटा झाला. पाऊस पडला की पाणी फाटकाबाहेर जाण्याऐवजी पहिल्या पायरीपाशी येऊन थांबायचं. आमच्याकडे पाऊस कमी, पण सप्टेंबरात येतो तेव्हा तासाभरात धो धो ओततो. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथं डबकं. चपला काढायच्या कुठे हा प्रश्न, आईचा पाय त्यात पडू नये म्हणून कुणीतरी हात धरायला हवा, सकाळी दूधवाला पिशवी दुरूनच देणार. आठवड्यात तळाला हिरवं धरायचं. खराट्यानं पाणी लोटत फाटकापर्यंत न्यायचं काम प्रत्येक पावसानंतर. आणि याहून वाईट म्हणजे ते पाणी जोत्यात मुरायचं. पुढच्या खोलीच्या भिंतीला खालून दीड-दोन फुटांपर्यंत ओल चढली आणि रंगाचे पोपडे सुटायला लागले. भेग नुसती दिसायला वाईट असते. उलटा ढाळ घराच्या पायात पाणी सोडतो. म्हणून कुणी विचारलं की आमचा कोबा बदलायची वेळ झाली का, तर मी आधी विचारतो: पाऊस थांबल्यावर तासाभरानं पाणी कुठे उभं असतं?

चुलतभावाच्या अंगणात असं डबकं होतं, पण मधोमध, जोत्यापासून लांब. त्यामुळे वरून थर देण्याचा त्याचा निर्णय मला तेव्हाही समजत होता, आजही समजतो. काम दोन दिवसांत उरकलं, राडारोडा निघाला नाही, खर्च माझ्यापेक्षा बराच कमी. जुन्या कोब्यावर छिन्नीनं टोचे मारून, धुऊन, सिमेंटचं पाणी सोडून मग थर दिला. ही तयारी नसेल तर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. अंगण सपाट, गुळगुळीत, एकसंध झालं. वहिनींना ते हवंच होतं. त्यांच्या कुरडया, पापड, ज्वारीचं वाळवण वर्षभर तिथं चालतं आणि त्यासाठी कोब्यासारखी दुसरी जागा नाही. रांगोळीही त्यावर नीट बसते. हे सगळं माझ्या अंगणात तितकं चांगलं होत नाही, हे मान्य करायला हवं.

पण पुढच्या उन्हाळ्यात जुनी मोठी भेग वरच्या थरात उमटली, त्याच वळणानं. दोन इंच पातळी वाढल्यामुळे फाटकाची एक पाकळी खाली घासायला लागली, ती कापून घ्यावी लागली. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण खोलात गेलं. जोत्याची उंची दोन इंचांनी कमी झाली. ज्यांचं जोतं मुळातच रस्त्यापेक्षा जेमतेम वर आहे त्यांनी या दोन इंचांचा विचार जरूर करावा, कारण दर काही वर्षांनी नगरपालिकेचा रस्ताही डांबराचे थर घेत उंच होत असतो.

मग उखडायचंच ठरलं तर पुन्हा कोबा की पेव्हर? नव्या काँक्रीटविरुद्ध माझी तक्रार नाही. मुरमाचा चांगला भराव, त्यावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, चार इंच काँक्रीट आणि दर आठ-दहा फुटांवर इंचभर खोल खाच मारलेली, असं काम झालं तर ते टिकतं. खाच महत्त्वाची, कारण काँक्रीट तडकणारच असतं, खाच दिली की ते आपण सांगू तिथं तडकतं. एक अडचण मात्र आमच्यासारख्या भागात मोठी आहे. कडक उन्हात पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटचं काम असेल तर १४ दिवस पाणी मारत राहावं, अशी काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक ४५६ ची शिफारस आहे. ज्या गावात प्यायचं पाणी मोजून येतं तिथं अंगणाला एवढं पाणी मारायला मन होत नाही, आणि मारलं नाही तर काँक्रीट कच्चं राहतं. पेव्हर ब्लॉक कारखान्यातच मुरून आलेले असतात, त्यांना जागेवर पाणी लागत नाही.

पण मला पेव्हरकडे ओढलं ते पुन्हा त्या डबक्यानंच. काळ्या मातीवर काहीही करा, ती थोडीबहुत हलणारच. ती हललीच नाही पाहिजे असा बंदोबस्त करायचा तर न फुगणाऱ्या मातीचा जाड थर द्यावा लागतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी ही पद्धत अभ्यासून मांडली आणि कालव्यांच्या अस्तरांसाठी ती वापरली गेली. एका अंगणासाठी एवढं खोदकाम कुणी करणार नाही. आम्ही दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम भरला, थराथरानं पाणी मारून धुम्मस केली, म्हणजे ठोकून दाबला, एवढंच. म्हणजे पुढे कधीतरी एखादा भाग बसणार हे धरूनच चालायचं. कोबा बसला तर फोडण्याशिवाय इलाज नाही. ब्लॉक बसले तर तेवढे उचलायचे, खाली कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, भरायची, पाटा फिरवून ढाळ बघायचा आणि तेच ब्लॉक परत ठेवायचे. माझ्याकडे गाडीच्या पुढच्या चाकाखाली असा खळगा पडला होता. मिस्त्री आणि एक बिगारी, दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. पुढे नळाची जोडणी बदलताना फाटकापासून टाकीपर्यंत चर खणला, तोही असाच बुजवला आणि आज त्याचा माग दिसत नाही. चुलतभावाच्या कोब्यावर त्याच जोडणीचा पट्टा वेगळ्या रंगात दिसतो.

पेव्हरचे त्रास सांगायलाच हवेत. सांध्यांतून गवत येतं, विशेषतः पहिल्या दोन पावसाळ्यांत. मुंग्या वाळू वर काढतात. पाइपनं जोरात धार मारून गाडी धुतली तर सांधे रिकामे होतात आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. ज्वारी वाळत घातली तर दाणे सांध्यांत अडकतात, खाली ताडपत्री हवीच. आणि सगळ्यात मोठा आक्षेप, जो विकणारे सांगत नाहीत: सांध्यांतून पाणी खाली झिरपतं, म्हणजे काळ्या मातीला आयतंच पाणी मिळतं. म्हणून मी जोत्याला लागून तीन फुटांचा पट्टा काँक्रीटचाच ठेवला, ढाळ बाहेरच्या बाजूला देऊन. ब्लॉक त्याच्या पुढे सुरू होतात. हा पट्टा नसता तर मी पेव्हरची शिफारस इतक्या मोकळ्या मनानं केली नसती. ब्लॉक पाणी शोषतात म्हणून ढाळाची गरज नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ढाळ हवाच.

काम करून घेताना दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष द्या. एक, जाडी. भारतीय मानक १५६५८ मध्ये हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी जाडी दिली आहे. नुसती कार असेल तर ६० चालेल, टँकर येत असेल तर ८० घ्या. फूटपाथसाठीचे ५० मिमीचे ब्लॉक स्वस्तात मिळतात, ते गाडीखाली घालू नयेत. दोन, ब्लॉकखालची कच. ती इंच-दीड इंचच हवी. भराव नीट न दाबता उंचसखलपणा लपवायला चार-चार इंच कच पसरतात आणि वर ब्लॉक मांडून मोकळे होतात. अशा अंगणात वर्षाच्या आत चाकोऱ्या पडतात आणि दोष पेव्हरच्या माथी येतो. चारी बाजूंनी काँक्रीटची कड बंदिस्त करणंही टाळू नका. कड नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात.

शहाबादी फरशीचं काय, असं सोलापूरकडचे लोक विचारतात, आणि रास्तच आहे. शहाबाद इथून फार लांब नाही, दगड आपल्या ओळखीचा आहे. चालण्यावावरण्याच्या अंगणाला ती आजही मला सगळ्यांत देखणी वाटते. मात्र फरशीखाली जरा पोकळी राहिली की गाडीच्या चाकाखाली ती कोपऱ्यात तुटते, आणि चुनखडीचा दगड असल्यानं ॲसिडनं धुतली की निस्तेज होते. गाडी लावायच्या जागी मी ती घालणार नाही.

तेव्हा तुमच्याकडे भेगा थांबलेल्या असतील, ठोकल्यावर आवाज ठणठणीत येत असेल, पाणी जोत्यापासून लांब जात असेल आणि जोत्याला दोन इंच द्यायची ऐपत असेल, तर वरून थर द्यायला माझी हरकत नाही. अंगणाचा मुख्य उपयोग वाळवणाचा असेल तर तेच बरं. पाणी घराकडे वळत असेल तर मात्र थरावर पैसे घालू नयेत असं मला वाटतं. काळ्या मातीवर असाल तर उखडा आणि पेव्हरचा विचार करा. मुरमाड किंवा कातळाच्या जमिनीवर काँक्रीटही तितकंच निभावेल.

काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा माती फुगलेलीही नसते आणि पार वाळून भेगाळलेलीही नसते, पातळी घ्यायला हीच वेळ चांगली. निघालेला कोबा बाहेर टाकायची घाई करू नका, फोडून सोलिंगला वापरता येतो, आमचा बराचसा तसाच खाली गेला. आणि ब्लॉक मागवताना दोन-तीन ओळी पुरतील एवढे जास्तीचे मागवून भिंतीकडेला रचून ठेवा. कारखान्याचा साचा आणि रंग बदलत राहतो, चार वर्षांनी नेमका तोच ब्लॉक मिळेल याची खात्री नसते.