लॅब्रॅडॉर कुत्र्यासाठी घरी ट्रेनर की महिनाभर बोर्डिंग?
ठाण्यातल्या मावसबहिणीचा आठ महिन्यांचा लॅब (लॅब्रॅडॉर) पट्टा ओढतो, पाहुण्यांवर उड्या मारतो, चपला पळवतो. तिचा प्रश्न: "ताई, ट्रेनर घरी बोलावू की बोर्डिंगला, म्हणजे तिथेच राहून शिकायला पाठवू?"

खर्चात बोर्डिंग जड, कारण राहणं-खाणंही त्यात आलं. कष्ट मात्र घरी जास्त. ट्रेनर तासभर येणार, रोजची दहा-दहा मिनिटं तुम्हालाच काढायची.

खरा फरक टिकण्यात. कुत्रा नुसता शब्द शिकत नाही, जागा आणि माणूसही त्या शब्दाला चिकटलेले असतात. आमचा कुत्रा बोर्डिंगहून आला तेव्हा तिथल्या ट्रेनरसमोर पुतळ्यासारखा बसायचा. उपवन तलावाकाठी भेळेचा कागद दिसला की आम्हीच त्याच्यामागे फरफटत! शेवटी सगळं घरी पुन्हा शिकवलं. दुसरं, बोर्डिंगमध्ये गळफास साखळी (ओढली की गळा आवळणारी) वापरतात का, हे रोज डोळ्यांनी दिसत नाही. 'एकवीस दिवसांत आज्ञाधारक' वगैरे जाहिराती सोडून द्या.

लॅब खाण्यासाठी काहीही करतो. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अनेक लॅबमधल्या या हावरटपणाचा संबंध एका जनुकातल्या बदलाशी जोडला. म्हणून शिकवणं सोपं, पण बक्षिसाचे दाणे रोजच्या जेवणातूनच काढा, नाहीतर वजन वाढेल.

घरी संध्याकाळी कुणी मोकळं असेल तर ट्रेनरच. महिनाभर गावी जायचंच असेल तर बोर्डिंग चालेल, पण आधी जागा पाहा आणि परतल्यावर घरी दोन-चार सत्रं ठरवून घ्या. गुरगुरून चावत असेल तर दोन्हीआधी पशुवैद्य.