4.10 चे पैसे घेतले आणि 3.73 बसवला

डोकं अजून ठणकतंय, पण लिहितोय, कारण मागच्या एक्सलचा रेशो (चाक एकदा फिरताना गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) बदलायला निघालेल्या माणसाला फसवणं किती सोपं आहे ते मला आता कळलंय. मूळ रेशो 3.08, म्हणजे क्राउनला (एक्सलमधला मोठा गिअर) 40 दाते, पिनियनला (त्याला फिरवणारा लहान गिअर) 13. मला पिकअप हवा होता, पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह (शाफ्ट इंजिनपेक्षा जोरात फिरवणारा) असल्यामुळे हायवेला इंजिन ओरडणार नव्हतं, म्हणून महिनाभर हिशोब करून 4.10 ठरवला. मेकॅनिकला क्राउन-पिनियनचा नवाकोरा सेट सांगितला, 70 टक्के पैसे आगाऊ, 30 टक्के गाडी घेताना, वर 11 तासांची मजुरी. सगळे दिले.

एक्सलचं हाउसिंग (गिअरवरचं कवच) उघडं असताना मी तिथे होतो, हेच जास्त टोचतं. क्राउनचे दाते स्वतः बोट लावून मोजले, 41 भरले, समाधान झालं. अरे पण 4.10 म्हणजे 41 ला 10 आणि 3.73 म्हणजे 41 ला 11, क्राउन दोन्हीकडे 41 चाच! खरी गोम पिनियनच्या एका दात्यात, आणि मेकॅनिक म्हणाला, "पिनियन आत बसलंय साहेब, आता कशाला." क्राउनच्या कडेला जिथे दात्यांचे आकडे ठोकलेले असतात तिथे ग्राइंडर फिरवल्याची ताजी चमक होती, तीही दिसली मला. विचारलं तर म्हणे कड साफ केली. आकडे घासलेला सेट दिसला की तिथूनच परत फिरा.

कोणी म्हणेल चालवून कळलं नाही का. नाही कळत हो! 3.08 वरून 3.73 म्हणजे चाकाला 21 टक्के जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर), गाडी खरंच उठायला लागली होती. 4.10 ने 33 टक्के मिळाला असता, पण तो आधी अनुभवलेलाच नाही तर तुलना कशाशी करणार? चुकलं ते पुढे. माझा स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या आउटपुटवरून चालतो, रेशो बदलल्यावर तो जास्त दाखवणार हे माहीत होतं. काटा 100 वर, मोबाईलचं जीपीएस 83. 4.10 असता तर 75 दिसायला हवे होते. हा हिशोब मला तोंडपाठ आहे आणि नेमका त्या दिवशी केला नाही, "जीपीएस मागे पडतं" ऐकून गप्प बसलो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून हूंऽऽ आवाज यायचा, त्यावर "नवीन गिअर आहेत, रुळतील". नीट सेट केलेले गिअर पहिल्या दिवसापासून शांत असतात, असलं काही ऐकून घेऊ नका.

शेवटी गाडी स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा) खडूची खूण केली, एक चाक मी धरलं, एक मित्राने, दोन्ही बरोबर 10 वेळा फिरवली. शाफ्ट 37 वेळा फिरला. 41 हवे होते. उघडल्यावर पिनियनला 11 दाते, आणि त्यावर जुन्या झिजेचे पट्टे, म्हणजे सेट नवीनसुद्धा नव्हता.

पोलिसांकडे गेलो तर "गाडी चालते ना? मग?" आणि दिवाणी बाब आहे म्हणून अर्ज परत. ग्राहक तक्रारीवाले म्हणतात बिलावर रेशो कुठेय, बिलावर नुसतं "गिअर सेट" (रेशो आणि दाते बिलावर लिहून घ्याच!), तज्ज्ञाचा दाखला आणा. दाखला देणारा म्हणतो आधी तक्रार क्रमांक आणा, तक्रारवाले म्हणतात दाखल्याशिवाय क्रमांक नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. सहा आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर, 37 आणि 41 मधला फरक समजून घ्यायला पाच मिनिटं कोणी दिली नाहीत, एकाने तर माझ्यासमोर फाईल न उघडताच बाजूला सरकवली.

आणि माझा मूळ 40-13 चा सेट, चांगला होता तो, मागितला तर "भंगारात गेला". जुने पार्ट गाडी ताब्यात घेण्याआधी हातात घ्या. माझा सेट आकडे घासून "नवीन" म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत बसला असणार, हे मला आता रात्री झोपू देत नाही.