टी-5 यूव्हीबी ट्यूब, जळगावात इग्वानासाठी: नऊ महिने वापरल्यानंतर

ऑगस्टमध्ये बसवलेली ही बारीक नळीची (टी-5) ट्यूब उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देते आणि अजून रोज बारा तास चालू असते. ती का घ्यावी लागली ते आधी सांगतो, म्हणजे ती वेळ तुमच्यावर येणार नाही.

राघू हा आमचा हिरवा इग्वाना, म्हणजे पाला खाणारा मोठा सरडा, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. दुकानदाराने पिंजऱ्यासोबत एक निळसर बल्ब दिला होता, "यातच सगळं आलं" म्हणून. पावसाळा लागला, गच्चीवर ऊन दाखवणं बंद झालं आणि राघूचा पोपटी रंग वाळक्या शेवाळासारखा झाला. एका सकाळी त्याला हातावर घेतलं तर पुढच्या पायाची बोटं आपोआप थरथरत होती. खालचा जबडा हलकेच चाचपला, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला. मला घाम फुटला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, हाडांतलं कॅल्शियम कमी झालंय, तुमच्या बल्बमधून यूव्हीबी येतच नाहीये.

इग्वानाने कॅल्शियम कितीही खाल्लं तरी ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्याच्या कातडीत यूव्हीबी किरणांनीच तयार होतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्यासाठी बिनकामाचं, काच ते किरण अडवते. बारीक जाळीसुद्धा बराच भाग खाते. म्हणून मी ट्यूब पिंजऱ्याच्या आत, बसायच्या फांदीपासून साधारण 30 सेंटीमीटरवर लावली. त्याला ट्यूबपर्यंत पोचता येणार नाही अशी मोठ्या भोकांची जाळी तिच्याखाली आहे. शेजारीच उष्णतेचा दिवा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात. त्या फांदीवर 35 ते 37 अंश ठेवतो, पिंजऱ्याचं दुसरं टोक त्याहून बरंच गार.

औषधं आणि ट्यूब मिळून तीन आठवड्यांत थरथर थांबली. रंग मात्र सावकाश परतला. इग्वानाची कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. दिवाळीच्या सुमारास पाठीवरचा एक पापुद्रा सुटला आणि खालून जो हिरवा निघाला, तो पाहून आईने घरातल्या सगळ्यांना हाक मारली. रंगासाठी विकतात त्या पावडरी मी घेतल्या नाहीत, लागल्याही नाहीत.

खाण्यात शेवग्याचा आणि तुतीचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, थोडा लाल भोपळा. पालक टाळतो, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. आता केळ्याचं. रावेर-यावलच्या मुलखात केळी नाकारणं अवघड! शेजारचे आप्पा रोज म्हणतात, "याले केयी दे ना भो." पण केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि हाडांचं नेमकं तेच बिघडलेलं. आठवड्यातून एखादा काप, बस्स. नाकातून पांढरी पूड उडाली तर सर्दी समजून औषध देऊ नका, तो जास्तीचं मीठ शिंकून टाकतो.

खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्याची. खोलीच दुपारी 40 अंशांवर जाते. मार्चअखेरपासून उष्णतेचा दिवा दुपारी बंद, ट्यूब मात्र चालूच. ट्यूब वेगळी असण्याचा मोठा फायदा हाच, एकाच बल्बमध्ये दोन्ही असतं तर उकाड्यासोबत यूव्हीबीही बंद करावं लागलं असतं. इग्वानाला हवेत 70 टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो, आणि आपली हवा भट्टीसारखी कोरडी. दिवसातून तीन-चारदा पाणी फवारतो, पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओली गोणपाटं, मागची बाजू हवेसाठी उघडी. एप्रिलमध्ये दोन दिवस फवारणी चुकली तर शेपटीच्या टोकाला कात अडकून बसली. कोमट पाण्यात भिजवून सोडवली. तशीच राहू दिली असती तर टोक सुकून गळू शकतं. थंडीत उलटं, डिसेंबरच्या रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावावा लागला.

उणिवा आहेत. महाग आहे. व्होल्टेज खालीवर झालं की लुकलुकते, मी फिटिंगला स्टॅबिलायझर लावला. आणि ही ट्यूब उजेड तसाच देत राहते पण आतून यूव्हीबी उतरत जातं, डोळ्यांना कळत नाही. ते मोजायचा मीटर जळगावात भाड्याने मिळाला नाही, तेव्हा आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक घेतला. फांदीवर सप्टेंबरमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे किरणांच्या जोराचा आकडा, 4.1 होता, परवा 2.9 भरला. ट्यूबवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली आहे, नवी ट्यूब जूनमध्येच मागवतोय, ढग दाटायच्या आत.